उलट बाजूचा खडू

पाठ

"नाव काय तुमचं?"

"मनगटावर पट्टी बांधलीयस ना? वाच."

"आपण आत्ता कुठे आहोत?"

"जिथे गाऊनला मागून नुसत्या दोन नाड्या असतात, तिथे. कोणी कापलाय हा? माणसाला पाठ असते हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं."

"महिना कोणता चालू आहे?"

"तुला ठाऊक नसेल तर भिंतीवर कॅलेंडर लाव."

"लावलंय. तुमच्या डोक्यामागे. समोर लावलं की सगळे बघून सांगतात. इथे कशासाठी आणलंय तुम्हाला?"

"तुझे प्रश्न ऐकायला."

सिस्टरनं माझ्या एका डोळ्यात टॉर्च मारला, मग दुसऱ्यात. "आता माझी बोटं दाबा." दाबली. "बास, बास! मला ती परत हवीयत, मावशी."

"मी तुझी मावशी कधी झाले?"

"दर तासाला होता. पुन्हा तासाभरानं येते."

यायचीच. तेच चार प्रश्न, तोच टॉर्च, तीच बोटं. मी तिला 'चार-प्रश्न' म्हणायचे, तोंडावर. माझं टोपणनाव कारखान्यात आधीपासूनच कात्री आहे. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. शिवतात बाकीच्या, मी बेतते आणि कापते. एकतीस वर्षं. आठ थरांची थप्पी टेबलावर पसरायची, वरच्या थरावर खडू फिरवायचा, आणि मग कात्री अशी चालवायची की आठव्या थरातल्या पोराचाही गळा बरोबर यावा.

त्या सोमवारी अर्ध्या गळ्यावर असताना डोक्यात आवाज झाला. जाडं कापड कोणीतरी टरकावून फाडावं तसा. दुखणं त्यानंतर आलं, आणि त्याच्यापुढे बाळंतपण म्हणजे चेष्टा होती. मी कात्री टेबलावर ठेवली आणि मगच पडले. कात्री खाली टाकायची नसते, धार जाते.

पुढचं छोट्या डॉक्टरांनी सांगितलं. (मोठे डॉक्टर वेगळे. ते दिवसातून एकदा येतात आणि सगळे सरळ उभे राहतात.) मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. जांघेतून एक बारीक नळी आत सरकवत सरकवत थेट मेंदूपर्यंत नेली आणि तिच्यातून त्या फुग्यात तारेचं वेटोळं भरून तो बंद केला. डोकं उघडलंसुद्धा नाही.

"म्हणजे रफू," मी म्हटलं.

"तसंच काहीसं."

"मग सोडा मला."

सोडणार नव्हते. फुगा बंद झाला म्हणजे सुटका नाही. सांडलेलं रक्त आजूबाजूच्या वाहिन्यांना डिवचतं आणि त्या आकसतात. चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत कधीही. आकसल्या की पुढे रक्त पोचत नाही आणि तेवढा मेंदू वाळतो. त्यासाठी दर चार तासांनी गोळ्या, हाताला सलाईन, उशी उंच, आवाज बंद, उजेड कमी, कुंथायचंसुद्धा नाही. आणि दर तासाला चार-प्रश्न.

"कापड आटतं तसं," मी म्हटलं. "पहिल्या धुण्यात."

सिस्टर म्हणाली, "हो. आणि आटतंय हे आटायच्या आधी कळावं म्हणून मी येते."

उजवी बाही

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, अकराव्या दिवशी, मोठे डॉक्टर म्हणाले, "छान चाललंय. उद्या सकाळीही असंच असेल तर वॉर्डात हलवू."

"आणि कात्री?"

त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं सांगितलं, ह्या कटर आहेत, कापड कापतात.

"त्याचं आत्ताच सांगता येत नाही. काही पेशंट कामावर परत जातात, काही नाही जात."

"मी जाणाऱ्यांतली."

"ते तुमच्या हातात नसतं."

"माझ्या हातात काय असतं ते तुम्ही बघितलेलं नाही," मी म्हटलं, आणि त्यांची बोटं मागत हात पुढे केला. दाबायला. त्यांनी दिली नाहीत. शहाणा माणूस.

पण मी मनात हिशेब बांधला. उद्या प्रश्न नीट गेले की वॉर्ड. वॉर्डातून घर. घरातून टेबल. रांगेत तीन दारं आणि पहिल्या दाराची किल्ली चार उत्तरं. मला हवं होतं ते एवढंच, माझं टेबल. लोकांना वाटतं, मरण टळलं की माणसाला आणखी काही मागायचं नसतं. मागायचं असतं. टळलं म्हणूनच मागायचं असतं.

इथे कापड कमी पडलंय

शुक्रवार माझ्याकडे नाही. सकाळचा चहा घेतला की नाही इथपासून नाही. जे आहे ते दोघींकडून मागून आणलेलं आहे. रंग जरा वेगळा दिसेल. दिसू दे.

*लेकीकडचा तुकडा:*

"भेटायची वेळ नऊची. मी आले तर तू पडद्याकडे बघत पडली होतीस. म्हणालीस, महिना कोणता गं? मी सांगितला. म्हणालीस, लिहून दे. मी म्हटलं, आई, तुला आठवत नाहीये का? तर म्हणालीस, आठवतंय, पण हाताशी असावं. मोठे डॉक्टर साडेदहाला येतात. तुझा एप्रन लॉकरमध्ये होता, त्याच्या खिशात निळा खडू होता. कागद नको म्हणालीस, कागद दिसतो. पांघरुणाच्या उलट बाजूला लिही, काठाजवळ. आपण तसंच लिहितो ना आई, मापं, नंबर, सगळं उलट बाजूला. सुलट बाजूला खडू लागला तर लहानपणी फटका द्यायचीस. मी लिहिलं. चारही उत्तरं, मोठ्या अक्षरात."

"आणि सिस्टरला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस, सांगितलंस तर मला परत कात्री धरू देणार नाहीत. तू म्हणालीस... प्लीज."

मी उभ्या जन्मात कोणाला प्लीज म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिथेच तुला कळायला हवं होतं, असं मी तिला सुनावलं. मग ती रडायला लागली. म्हटलं, रड, पण नाक पांघरुणाला पुसू नकोस, त्याच्यावर आधीच पुष्कळ लिहून झालंय.

*सिस्टरकडचा तुकडा:*

"दहाला मी आले. नाव विचारलं, तुम्ही पूर्ण नाव सांगितलंत. कुठे आहोत? 'हॉस्पिटलमध्ये, अतिदक्षता विभागात.' महिना बरोबर. वारसुद्धा, न विचारता. कशासाठी आणलंय? 'मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटला म्हणून.' मी म्हटलं, छान. तुम्ही म्हणालात, थँक्यू सिस्टर.

"मग तक्ता भरायला घेतला. डोळ्यांचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पंधरापैकी पंधरा. शेवटी शेऱ्याचा रकाना. तो कोणी वाचत नाही. वर नजर गेली. काल दुपारी दोन: चिडल्या. तीन: चिडल्या. चार: चिडल्या, गाऊनवरून. आज सकाळी आठ: चिडल्या. नऊ: कमी चिडल्या. दहाच्या चौकटीत पेन टेकवलं आणि लिहायला काही नव्हतं.

"मी परत आले. विचारलं, मावशी, गाऊन कसा वाटतोय?

"तुम्ही म्हणालात, छान आहे."

हे सांगताना सिस्टरनं माझ्या गाऊनची सुटलेली नाडी बांधली.

"म्हटलं, दोन्ही हात पुढे धरा, तळवे वर, डोळे मिटा. मी दहा मोजते. चारपर्यंत ठीक. पाचला उजवा तळवा आत वळायला लागला. सातला हात खाली यायला लागला, हळूहळू, आणि तुम्हाला पत्ताच नाही. आठला मला तुमच्या अंगठ्यावर निळं काहीतरी दिसलं. पांघरुणाचा काठ उलटला."

छोटे डॉक्टर बाहेरच्या टेबलापाशी कोणाशीतरी फोनवर बोलत होते, सिस्टर थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पुढचं संभाषण तिनं मला दोन आवाजांत करून दाखवलं.

"पंधरा आहेत ना सिस्टर? मग?"

"पंधरा आहेत, पण कॉपी करून मिळवलेले आहेत."

"हात खाली आला तर थकल्या असतील. अकरा दिवस झाले, झोप नाही बाईंना."

"त्या मला थँक्यू म्हणाल्या."

"चांगलंय की मग."

"चांगलं नाहीये, डॉक्टर. ह्या बाई अकरा दिवसांत मला एकदाही चांगलं बोललेल्या नाहीत. स्कॅन सांगा. नसेल सांगायचा तर तक्त्यावर लिहा की सिस्टरनं दहा वाजून बारा मिनिटांनी सांगितलं आणि तुम्ही नको म्हणालात. खाली सही करा. पेन माझ्याकडे आहे."

त्यांनी पेन घेतलं नाही. स्कॅन सांगितला.

डाव्या बाजूची एक वाहिनी दोन ठिकाणी दोऱ्याएवढी झाली होती. मला पुन्हा खाली नेलं, पुन्हा जांघेतून नळी, ह्या वेळी वाहिनी सैल करायचं औषध घेऊन. वर आणल्यावर ठिबकत्या औषधानं रक्तदाब मुद्दाम चढवून ठेवला, आकसलेल्या जागेतून रक्त रेटून पुढे जावं म्हणून. लेक बाहेरच्या बाकावर बसून होती. सिस्टर तिच्याकडे गेली. लेकीला वाटलं, आता ओरडा बसणार. सिस्टरनं फक्त विचारलं, "आईंचा खडू कुठाय?" आणि तो काढून घेतला, एका पाकिटात घातला, पाकिटावर माझं नाव आणि बेड नंबर लिहिला. दागिने ठेवतात तसा ठेवला.

ठिगळ

शनिवारी दुपारी मी डोळे उघडले तेव्हा सिस्टर उभी होती.

"नाव काय तुमचं?"

मला ते सापडेना. म्हणजे होतं, आत कुठेतरी होतं, पण जिभेवर येईना. राग आला. इतका आला की तोंडातून बाहेर पडलं, "म-मनगट!"

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे, आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि तक्त्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं हे विचारायची गरज नव्हती.

वॉर्डात जायला आणखी नऊ दिवस लागले. तिथे एक थेरपिस्ट बाई यायच्या. त्या पुढ्यात लाकडी खुंट्या ठेवायच्या आणि उजव्या हातानं एकेक खुंटी भोकात बसवायला सांगायच्या. चोवीस खुंट्या. मी नऊ बसवायचे आणि घामानं निथळायचे. मग चित्रं दाखवायच्या. कप. कप. किल्ली. किल्ली. एक चित्र आलं: दोन पाती, दोन कड्या.

"हे काय आहे?"

शब्द नाही. माझ्या एकतीस वर्षांचा तो शब्द, आणि तोच नाही. थेरपिस्ट बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सावकाश. आपण हिनं काय करतो?"

मी खुंट्यांची पाटी ढकलून दिली. "ते माझं *नाव* आहे!" मी ओरडले. सगळा वॉर्ड उठून बसला. "माझं नाव आहे ते!"

बाईंनी फाइल बघितली. तिथे माझं खरं नाव होतं. त्यांनी लिहिलं: गोंधळलेल्या.

दुपारी सिस्टर स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत वर आली, फाइल वाचली, आणि 'गोंधळलेल्या'च्या पुढे पेनानं लिहिलं: 'नाही. कारखान्यात ह्यांना कात्री म्हणतात.' मग खिशातून बँडेज कापायची कात्री काढली, बोथट टोकाची, आणि एक फाटका गाऊन माझ्या मांडीवर टाकला. "हा बाद झालाय. थेरपिस्ट बाईंना विचारलंय. मी बसते इथे. खुंट्या नकोत ना? मग हा दुरुस्त करून दाखवा. किती दिवस नुसतं ऐकायचं मी."

मी कापला. कापला म्हणणं धाडसाचं आहे. उंदरानं कुरतडल्यासारखी रेघ आली. अंगठा कडीत राहायचा, पण त्याला निरोपच पोचायचा नाही. मी डाव्या हातानं त्याला ढकलायचे. वीतभर कापून झालं आणि डोकं असं बंद पडलं, जसं मशीनचं बटण कोणी बंद करावं. मी बसल्या जागी झोपले.

दुसऱ्या दिवशी दीड वीत.

त्याच आठवड्यात मालक भेटायला आले. खुर्चीच्या अगदी काठावर बसले. म्हणाले, "काळजी करू नका. तुमची जागा आहेच कारखान्यात. पॅकिंगला बसा. घड्या घालायच्या, पिशवीत सरकवायच्या. पंखा आहे वर."

"आणि टेबल?"

"पोरी आहेत की नव्या. शिकतील."

"घड्या घालायला मी अजून म्हातारी झालेली नाही."

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"मग कसं होतं?"

ते सिस्टरकडे बघायला लागले, सगळे पुरुष तिच्याकडेच का बघायचे कोण जाणे. सिस्टर म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. ह्या आज छान बऱ्या आहेत."

माप

दोन महिन्यांनी तपासणी. छोटे डॉक्टर, मी, लेक. सिस्टर दारात, ड्युटी संपली होती तरी.

डॉक्टर म्हणाले, "काय मग, कसं वाटतंय? हात? थकवा? कामावर जायचं म्हणताय म्हणे."

त्यांच्या हातात पेन होतं आणि समोर फॉर्म. कामावर जाण्यास योग्य, हो की नाही. मला उत्तर पाठ होतं. रिक्षात बसल्यापासून पाठ होतं: हात मस्त, थकवा नाही, झोप छान. चार उत्तरं, एक दार. लेकीनं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की ती घाबरलीय. माझ्या दुखण्याला नव्हे, माझ्या उत्तराला.

मी म्हटलं, "अंगठ्याला निरोप उशिरा पोचतो. दोन थरांच्या वर कात्री जात नाही. अकरा वाजता डोकं बंद पडतं, मग तासभर मी कामाची नाही. कधी कधी शब्द सापडत नाहीत. जिन्यावर कठडा लागतो." एवढं बोलून दम लागला. "हे सगळं लिहा. एकही ओळ गाळू नका. आणि खाली 'हो' लिहा."

"एवढं सगळं असताना 'हो' कसं लिहू?"

"तुम्ही एकदा मला पंधरापैकी पंधरा दिले होते. तेव्हा मी मरायला टेकले होते. आज दहा द्या. हे दहा माझे स्वतःचे आहेत."

दारातून खोकल्यासारखा आवाज आला. सिस्टर खोकत नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी थेरपिस्ट बाईंचा कागद पुन्हा वाचला, माझा हात पुढे धरायला लावला, दहा मोजले, पुन्हा दहा मोजले. शेवटी लिहिलं: सकाळी दोन तास, बसून, दोन थर, शेजारी कोणीतरी हवं. हो.

सिस्टरनं पाकीट दिलं. बेड नंबर असलेलं. खडू आत होता.

सुलट

आज पाचवा दिवस आहे. मी बसून कापते. उंच स्टूल आणलंय, मालकांनी नाही, काज-बटणं करणारीनं तिच्या घरून. तिला आम्ही काजवाली म्हणतो. तीच शेजारी असते.

टेबलाच्या पुढच्या पट्टीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी, मी निळ्या खडूनं लिहिलंय: *दोन थर. अकराला बंद. शब्द अडला तर थांबा, मी शोधतेय.* मालक म्हणाले, पोरींसमोर बरं दिसत नाही. म्हटलं, दिसण्यासाठीच लिहिलंय. एकतीस वर्षं उलट बाजूला लिहिलं, आता ह्या बाजूला. त्यांनी एकदा येता येता बाहीनं पुसलं. मी पुन्हा लिहिलं, आणखी ठळक.

पहिल्या दिवशीचे सहा गळे वाया गेले. दुसऱ्या दिवशी चार. आज दोन, आणि त्यातला एक तसा चालून जाईल, पण मी तो चालवणार नाही.

साडेदहा झाले की काजवाली मशीन थांबवते आणि माझ्यासमोर येऊन उभी राहते. हे तिला सिस्टरनं फोनवर शिकवलंय. आधी प्रश्न, मग हात पुढे. आणि वर एक सूचना: नीट, गोड बोलल्या तर वाट बघायची नाही, गाडी बोलवायची आणि तडक घेऊन यायचं.

"नाव काय गं तुझं?" काजवाली विचारते. सगळ्या मशीन्स थांबतात. हे ऐकायला पोरी कान टवकारून बसतात.

मी कापत राहते. रेघ जराशी थरथरते, मग सरळ होते.

"कुठे आहेस आत्ता तू?"

"तुझ्या त्या वाकड्या काजांच्या शेजारी. डोळे तपासून घे. काल सात बटणं उलटी लावलीस, पोरांनी शर्ट काय पाठीवर घालायचा?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसतं. काजवालीनं फोन हातात धरलेला असतो, बोट नंबरावर. ती माझ्याकडे नीट बघते, डोळ्यांत, आधी एका, मग दुसऱ्या. मग माझे दोन्ही हात पुढे धरायला लावते आणि दहा मोजते.

"बरी आहे," ती सगळ्यांना सांगते, आणि फोन खिशात टाकते. "करा गं मशीन सुरू."